तुमचा रिपोर्ट २० वर्षांनंतरही गुप्त राहील का?

रुग्णालयाचे अ‍ॅप तुमचा रिपोर्ट पाठवते, तेव्हा तो वाटेत कुणी वाचू नये म्हणून त्याला गणिती कुलूप लावलेले असते. पुरेसा मोठा क्वांटम संगणक अशी काही कुलुपे उघडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. तसा संगणक अजून बनलेला नाही. मग आज काळजी कशाला? कारण आज चोरून साठवलेली माहिती पुढे उघडता येईल. पासवर्ड बदलता येतो. एचआयव्ही किंवा जनुकीय तपासणीचा निकाल बदलता येत नाही.

म्हणून अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेने २०१६ मध्ये जगभरातील संशोधकांकडून नवी कुलुपे मागवली. एकाने बनवायचे, इतरांनी फोडून पाहायचे. चौथ्या फेरीत पोहोचलेली 'साइक' पद्धत २०२२ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी साध्या संगणकावर सुमारे तासाभरात फोडली. औषधाचा दोष बाजारात येण्याआधी चाचणीतच सापडावा, तसेच हे झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये तीन मानके जाहीर झाली.

तुम्ही काय करावे?

• फोन आणि अ‍ॅप वेळेवर अपडेट करा. नवी कुलुपे त्यातूनच येतात.
• ओटीपी कुणालाही सांगू नका. किल्लीच हातात दिली, तर भक्कम कुलूपही कामाचे नाही.
• या भीतीने डॉक्टरांपासून आजार लपवू नका. क्वांटम संगणकाचा धोका उद्याचा आहे. अर्धवट माहितीवर झालेल्या उपचारांचा धोका आजचा आहे.