पुरचुंडी रीलोडेड

आसनगावहून रोज लोकलला लटकणाऱ्या मंडळींची कंबर आणि जुलैत मुरबाडच्या खाचरात दिवसभर आवणीला वाकलेल्या बायांची कंबर, तक्रार दोघींची सेम! फरक फक्त इलाजाचा. आपण ऑनलाइन कार्टमध्ये ‘ऑरगॅनिक व्हीट बॅग’ टाकतो. तिकडे संध्याकाळी चुलीवर तवा चढतो, तव्यावर खडेमीठ नाहीतर वाळू, आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी. सूज असेल तर वर निर्गुडीचा गरम पाला. फंडा तोच, फक्त पॅकेजिंग वेगळं.

तसा हा फंडा जुनाच. चरकसंहितेत अग्निस्वेदाचे १३ प्रकार दिलेत, त्यातला पहिलाच संकरस्वेद, म्हणजे आपल्या पुरचुंडीचा शेक. केरळच्या स्पा पॅकेजमध्ये ‘नवरकिळी’ नावाचं जे महागडं प्रकरण असतं ना, तेही तांदळाचंच; साठ दिवसांत येणारी साळ दुधात आणि काढ्यात शिजवून केलेलं गाठोडं. आपण मात्र आज कोरड्या शेकापुरतंच बोलू.

शहापूर, मुरबाड म्हणजे भाताचे तालुके. माळशेजला पिकनिकला जाताना मुरबाड लागतंच. तिथल्या भातगिरणीवर कणी मागा. कणी म्हणजे तुटका तांदूळ, भाकरीला आणि कोंबड्यांना जातो तो, अख्ख्या तांदळापेक्षा बराच स्वस्त. चांगला तांदूळ पिशवीत कोंबणं काही घरांत आजीला पटणारच नाही, तिथे कणीवर तडजोड होते! फक्त पाखडून, चाळून घ्या, नाहीतर पीठ शिवणीतून गळत राहतं. आणि तिकडे ‘भात’ म्हणजे तुसासकट दाणा बरं का. तो अजिबात नको. तूस टोचतं आणि तापला की दाण्याच्या चक्क लाह्या होतात. त्याच कारणाने पॉपकॉर्नचा मकाही बाद.

पिशवी शिवायला अर्धा तास पुरतो. शंभर टक्के सुती कापड, धागाही सुती. नायलॉन, जर, चेन, बटण काही नको, कारण मायक्रोवेव्हमध्ये पहिलं वितळतं आणि दुसरं ठिणगी पाडतं. दहा इंच बाय पाच इंच पिशवीत अर्धा किलो तांदूळ बसतो. गच्च भरू नका, थोडी ढिली राहिली तरच मानेला, गुडघ्याला नीट बिलगते. वरून धुता येईल असा वेगळा अभ्रा घाला, कारण आतला तांदूळ कधीच धुवायचा नाही. निर्गुडीचा वास हवा असेल तर पाला गरम केल्यानंतर अभ्र्यात सरकवा, आत तांदळात मिसळू नका. वाळलेला पाला मायक्रोवेव्हमध्ये सहज करपतो.

आता जरा सीरियस.

तांदळात साधारण १२-१३ टक्के पाणी असतं, म्हणजे अर्ध्या किलोत ६०-६५ ग्रॅम. मायक्रोवेव्ह मुख्यतः या पाण्यालाच तापवतो. प्रत्येक वेळी थोडं पाणी उडून जातं आणि हळूहळू दाणा इतका कोरडा होतो की मधला भाग करपायला लागतो. गंमत म्हणजे, म्हणजे अजिबात गंमत नाही, बाहेरून हे कळत नाही. पिशवी वरून कोमट आणि आत निखारा! ब्रिटन, ऑस्ट्रेलियात अशा व्हीट बॅगांनी अंथरुणं पेटलीत, म्हणून तिथली अग्निशमन दलं कळकळीने सांगतात की ही बॅग पांघरुणात ठेवून झोपू नका, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा तापवू नका.

म्हणून रूल सिंपल. पहिल्यांदा ३०-४० सेकंदच, सोबत अर्धा कप पाणी मायक्रोवेव्हमध्ये ठेवून. मग पिशवी हलवा, हात लावून बघा, लागलं तर आणखी १५ सेकंद. दीड मिनिटाच्या पुढे जायचं कारणच नाही. गिरकी घेणारी काचेची थाळी अडकत नाही ना, तेही बघा, नाहीतर एकच कोपरा भाजत राहतो. वापरून झाली की ओट्यावर उघडी ठेवा, गादीत, उशीखाली, कपाटात नाही. आणि किचनचा वजनकाटा असेल तर पिशवी नवी असतानाचं वजन अभ्र्यावर लिहून ठेवा. ४०-५० ग्रॅम कमी झाले किंवा भाजल्याचा वास आला, की तांदूळ बदला. पावसाळ्यात उलटं होतं, दाणा हवेतलं पाणी ओढून घेतो आणि बुरशी, पोरकिडे येतात. तेव्हा पिशवी झिपलॉकमध्ये घालून फ्रीझरमध्ये टाका. तिथून काढली की कोल्ड पॅक तयार!

मायक्रोवेव्ह नाही किंवा लाइट गेलेत? (हा प्रश्न शहापूरच्या फार्महाऊसवर हमखास येतो.) मग पिशवी तव्यावर ठेवायची नाही. कणी कढईत मंद आचेवर हलवत गरम करा आणि मग जाड सुती मोज्यात भरून वर गाठ मारा. तांदळाला वाळूच्या जवळपास दुप्पट उष्णता धरता येते, त्यामुळे शेक जास्त वेळ टिकतो.

पण मला खरी काळजी आगीपेक्षा चटक्याची वाटते. १९४७ साली मोरिट्झ आणि हेन्रिकेस या दोघांनी त्वचा भाजायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. ६० अंशाला काही सेकंद पुरतात, हे ठीक. पण अवघ्या ४४ अंशाला, म्हणजे जे हाताला ‘मस्त ऊन ऊन’ लागतं त्यालाही, सहाएक तासांत त्वचा भाजते. म्हणजे पोटाशी पिशवी घेऊन रात्रभर झोपणं आलंच की यात. तुम्हाला आणि मला निदान जाग तरी येईल. घरातल्या डायबेटिस असलेल्या आजोबांना येईलच असं नाही. पायांची संवेदना गेलेली असते, त्यामुळे आजोबा ‘अजून गरम कर गं’ म्हणत राहतात आणि सकाळी तळपायाला फोड दिसतो. तो महिनोन्‌महिने भरत नाही, कधी कधी बोट गमवायची वेळ येते. त्यांच्या पायांना शेक नकोच. कंबरेला हवा असेल तर तुमच्या स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला पिशवी एक मिनिट धरून बघा, मध्ये टॉवेल ठेवा आणि १५-२० मिनिटांत काढा. मोबाइलला अलार्म लावा ना, एरवी कशाकशाला लावतो!

तान्ह्या बाळालाही ही पिशवी नको. बाळ-बाळंतिणीच्या शेकाची आपल्याकडे हौस फार, पण बाळाची कातडी पातळ आणि तक्रार करायची सोय फक्त रडण्याची, आणि रडतं तर ते सगळ्याचसाठी. पाय ताजा मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस बर्फ, शेक नंतर. पोटात अचानक जोराची कळ आली तर शेकत बसू नका, अपेंडिक्स असू शकतं. सरळ डॉक्टर गाठा, तिकडे असाल तर शहापूरचं उपजिल्हा किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय. दुखण्यावर बाम चोळून वर शेक हा कॉम्बोही नको.

आणि चटका बसलाच तर टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. नळाचं साधं पाणी, पूर्ण २० मिनिटं.

बाद झालेली कणी शिजवायची नाही, पण करपली नसेल, बुरशी नसेल तर कोंबड्या ती आनंदाने खातात. सोसायटीत कोंबड्या नसतील, तर कंपोस्टचा डबा आहेच.