हातचा कोण शिकवणार?

ग्रामीण भारतात पाचवीत शिकणाऱ्या दर दहा मुलांपैकी सुमारे सात मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत भागाकार जमणाऱ्या पाचवीतील मुलांचे प्रमाण ३०.७ टक्के आढळले. २०१८ मध्ये ते २७.९ टक्के होते, करोनाकाळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते २५.६ टक्क्यांवर घसरले आणि पुढे काहीसे सावरले. ही सुधारणा नाकारण्याचे कारण नाही. पण पाच वर्षे शाळेत काढूनही बहुसंख्य मुले तिसरी-चौथीच्या गणिताशी अडखळत असतील, तर शाळेच्या पटावर नाव असणे आणि शिक्षण मिळणे या दोन गोष्टींमधील अंतर किती भयावह आहे, हे वेगळे सांगावयास नको.

अनेक गावांत आणि शहरांतील वस्त्यांत तरुण कार्यकर्ते अशा मागे पडलेल्या मुलांसाठी विनामोबदला गणिताचे वर्ग चालवितात. या कामाचे कौतुक होते, ‘विधायक कार्य’ म्हणून त्याची नोंद होते, आणि मोर्चे, निवडणुका व संघटनबांधणी यांच्या मागे कोठेतरी त्याला स्थान दिले जाते. ही विभागणीच तपासून पाहण्याची वेळ आली आहे. मुलाला वजाबाकीतला हातचा समजावून देणे हे राजकारणाबाहेरचे काम आहे, असे मानणाऱ्याला महाराष्ट्राच्या इतिहासाचा विसर पडला आहे.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. ते कागद त्यांनी जाळले, कारण त्या कागदांवरचे आकडे त्यांच्या आयुष्याचे मालक झाले होते आणि ते आकडे खरे की खोटे हे पडताळण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. त्यानंतर सात वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुले यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला आणि त्या शिक्षणात मोडी व बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेबाचा स्पष्ट समावेश केला. हिशेब न येणारा माणूस लुबाडला जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आज सावकाराची जागा अनेक रूपांनी घेतली आहे. ऊसतोड कामगाराने उचल किती घेतली, टनामागे किती फिटली आणि हंगामाच्या अखेरीस अंगावर किती राहिली, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. कर्जाच्या साप्ताहिक हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, हे वस्तीतील कर्जदार स्त्रीला दुसरा कोणी सांगतो. गणित हा परीक्षेचा विषय होण्याच्या कितीतरी आधी स्वसंरक्षणाचा विषय आहे.

मग मुले मागे का पडतात? ‘डोकेच चालत नाही’ हे त्यावरचे सर्वांत सोपे आणि सर्वांत खोटे उत्तर होय. गणिताची रचना पायऱ्यांची आहे. इतिहासाचा एक धडा चुकला तर पुढचा वाचता येतो. दशक-एककाची पायरी चुकली तर हातचा समजत नाही, हातचा समजला नाही तर वजाबाकी बिघडते, आणि वजाबाकीवाचून भागाकाराला हात घालता येत नाही. ऊसतोड कामगाराचे मूल दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. त्या महिन्यांत वर्ग ज्या पायऱ्या चढून गेला, त्या त्याच्या वाट्याला येतच नाहीत. परत आल्यावर त्याला पुढच्याच पानावर बसविले जाते.

बेचाळीसमधून सतरा वजा करावयास सांगितले असता असे मूल पुष्कळदा पस्तीस हे उत्तर देते. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. शिक्षक तांबडी फुली मारतो आणि मूल गप्प बसते. पण हे उत्तर आंधळेपणाने दिलेले नाही. लहान अंक मोठ्या अंकातून वजा करावयाचा, हा अर्धवट कळलेला नियम त्याने प्रामाणिकपणे पाळला आहे. त्याला बेचाळीसचा अर्थ चार दशक आणि दोन एकक असा लागलेलाच नाही. त्यातच मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी येतो. ‘एकोणपन्नास’ म्हणताना पन्नास कानावर पडतात, पाटीवर मात्र चार लिहावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यानामांची पर्यायी पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला आणि विनोदही पुष्कळ झाले. त्या पद्धतीविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्या मुलांची अडचण पाहून ती सुचविली गेली, त्या मुलांविषयी त्या वादात फारच थोडे बोलले गेले.

याच मुलाच्या हाती दहाच्या चार नोटा आणि दोन सुटे रुपये देऊन सतरा रुपये मागितले, तर ते एक नोट मोडून घेण्याचा मार्ग बहुधा स्वतःच शोधते. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विक्रीचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या उदाहरणांत अडखळत होती. उलट शाळेतील उदाहरणे सोडविणारी, पण बाजाराचा अनुभव नसलेली मुले बाजारी हिशेबात अडखळत होती. श्रमिकांच्या मुलांकडे बुद्धी आहे. ती बुद्धी आणि फळा यांच्यामध्ये पूल बांधला गेलेला नाही, आणि तो बांधणे हेच स्वयंसेवक शिक्षकाचे खरे काम आहे.

हे काम साधते, याचा पुरावा मुंबई आणि बडोदे येथे मिळाला आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतीलच शिकलेल्या तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच सुमारे दोन तास वेगळे शिकवीत. त्यांना अल्प मानधन मिळे, आणि शिक्षणशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचे केलेले मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची प्रगती स्पष्ट होती आणि ती भाषेपेक्षा गणितात अधिक होती. पण त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. उपक्रमातून बाहेर पडल्यावर एका वर्षाने मुलांना पुन्हा तपासले, तेव्हा तो लाभ बराच ओसरलेला होता. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावोगावच्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालविले, तेथेही असाच धडा मिळाला. जी मुले आली ती शिकली. परंतु येणाऱ्यांचे प्रमाण शंभरात आठच्या आसपास राहिले. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी संध्याकाळच्या वर्गाला येऊ शकत नाही, आणि तिलाच त्या वर्गाची गरज सर्वाधिक असते. म्हणून स्वयंसेवकाचे काम शाळेच्या जितके आत, तितके ते अधिक मुलांपर्यंत पोहोचते.

येथेच एक मोठा धोका उभा राहतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान यांसाठी समाजातील स्वयंसेवकांना आवाहन केले आहे. आवाहनात गैर काही नाही. परंतु तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्राथमिक शाळेचे प्रमाण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने घालून दिले आहे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपू नये, असेही तोच कायदा सांगतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, ही कोठारी आयोगाची शिफारस १९६६ सालची आहे आणि ती आजही कागदावरच आहे. ही देणी थकविणाऱ्या शासनाला स्वयंसेवक फारच सोयीचे वाटतात. शिक्षकाची रिकामी खुर्ची एखाद्या उत्साही तरुणाने भरली, की ती खुर्ची रिकामी आहे याचा बोभाटा होत नाही.

दुसरीकडे महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली असून पुनर्परीक्षेतही नापास होणाऱ्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद झाली आहे. ज्याला शिकवणी परवडते तो पैसे देऊन पार पडेल. ज्याला दशक-एकक कोणी समजावलेच नाही, तो नापास ठरेल, आणि व्यवस्थेचे अपयश त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर नोंदले जाईल.

मग असे वर्ग चालविणे म्हणजे सडक्या व्यवस्थेला टेकू देणे नव्हे काय, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्याचे उत्तर हात आखडून घेणे हे असू शकत नाही. शिक्षकभरतीचा लढा यशस्वी होईपर्यंत तिसरीतील मूल तिसरीत थांबत नाही. त्याची वर्षे त्याच्या हातून निघून जातात, आणि पुढे त्याला संघटनेची, हक्काची, मजुरीच्या दराची भाषा सांगावयास जाणाऱ्या कार्यकर्त्यापुढे आकड्यांना भिणारा माणूस उभा राहतो. शिकविणे आणि लढणे यांतील एकाची निवड करावयाची नसून एकाच्या आधारे दुसरे करावयाचे आहे.

त्यासाठी वर्गाला शिस्त हवी. पंधराहून अधिक मुले एका स्वयंसेवकाकडे नसावीत. शक्य तेथे वर्ग शाळेच्या आवारात, शिक्षकांच्या संमतीने आणि सहकार्याने भरावा. शिक्षकाला आरोपी ठरवून कोणत्याही मुलाचे भले झालेले नाही. आरंभ इयत्तेच्या पुस्तकापासून न करता मुलाला जेथवर येते तेथून करावा. काड्यांचे गठ्ठे, नोटा आणि सुटे पैसे यांच्या आधाराने दशक मोडणे आधी हाताला कळू द्यावे, मग पाटीवर मांडावे. चुकीच्या उत्तराला फुली मारण्यापूर्वी ‘हे कसे काढलेस?’ असे विचारावे. एकदा सुरू केलेला वर्ग निवडणुकीच्या धामधुमीत बंद पडू देऊ नये.

आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवावी: वर्गात आले तेव्हा काय येत होते, तीन महिन्यांनी काय येते, कोणते महिने ते गावाबाहेर होते, शाळेत शिक्षक किती आणि कितींच्या जागा रिकाम्या. ही नोंद कपाटात ठेवण्यासाठी नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित व शासकीय शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे. मुलांची नोंदवही त्या पालकांपुढे वाचून दाखवावी, तिच्या आधारे ग्रामसभेत ठराव करावा, आणि तो ठराव घेऊन जिल्हा परिषदेच्या दारात पालकांनी स्वतः जावे. कार्यकर्त्याने त्यांच्यासोबत असावे, त्यांच्यापुढे नसावे.

ज्या दिवशी शाळेत पुरेसे शिक्षक असतील आणि मागे पडलेल्या मुलासाठी वेगळा तास वेळापत्रकातच असेल, त्या दिवशी हा वर्ग बंद करता येईल. तोवर आठवड्यातील पाच तास देणे कोणत्याही कार्यकर्त्याला अशक्य नाही. शाळा सुरू होताच प्रत्येक शाखेने आपल्या गावातील एका शाळेची जबाबदारी घ्यावी.