जागा कोणी खाल्ली?

अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात मुंबई सिटीचा फुटबॉल सामना संपला की आम्ही कांदिवलीकर स्लो लोकल पकडतो. सामन्याची चिरफाड जोगेश्वरी ते मालाड एवढ्यात उरकायची असते. अशाच एका रात्री चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या एका गृहस्थांनी निकाल देऊन टाकला : "हे आफ्रिकावाले येऊन आपल्या पोरांची जागा खातात. त्यांना बंद करा, मग बघा भारत कुठे जातो ते." डब्यातल्या निम्म्या माना डोलल्या. मी गप्प बसलो, कारण त्या गर्दीत वाद घालायला आधी दोन पाय टेकायला हवेत. ते कांदिवलीला उतरल्यावर टेकले. म्हणून हा लेख.

आधी त्या गृहस्थांची बाजू त्यांच्यापेक्षा नीट मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. आय-लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली. तिथपासून २०१२-१३ पर्यंत सहाही मोसमांत सर्वाधिक गोल एक तर ओडाफा ओकोलीने केले, नाही तर रँटी मार्टिन्सने. दोघेही नायजेरियाचे. रँटीने तर २०११-१२ या एकाच मोसमात ३२ गोल केले. तयार गोल विकत मिळत असतील तर कोणता क्लब एकोणीस वर्षांच्या पोराला चुका करायला मोसमभर वेळ देईल? शिवाय १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांतली सुवर्णपदकं आणि १९५६ च्या ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक आपण मिळवला तेव्हा इथे नायजेरियन आघाडीपटू नव्हते. पूर्वपक्ष इतका भक्कम आहे, हे मान्य.

पण तारखा लावून पाहिल्या की तो डळमळतो. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं आपलं शेवटचं पदक १९७० चं, कांस्य. नायजेरियाचा चिमा ओकोरी कोलकात्यात गाजू लागला तो १९८० चं दशक अर्धं सरल्यावर. घराला तडे जाऊन पंधरा वर्षं झाली, मग भाडेकरू आला, आणि भिंती त्यानेच फोडल्या असं आपण म्हणतो आहोत.

गृहस्थांनी सुचवलेलं औषधही देऊन झालं आहे. २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. २०१७ पासून पाच झाले, २०२१ पासून चार. मग जानेवारी २०२४ मध्ये कतारमधल्या आशियाई चषकात भारत तीन सामने खेळला आणि तिन्ही हरला. सहा गोल स्वीकारले, केला एकही नाही. हा पराभव परदेशी कमी केल्यामुळे झाला, असं मी म्हणणार नाही. पण दुखण्याचं मूळ तेच असतं तर मात्रा दिल्यावर ताप थोडा तरी उतरायला हवा होता.

दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे येतात ते उरलेसुरले. काही येतात उतारवयात, खरं आहे. पण एमेका एझेउगो हा नायजेरियाचा मधल्या फळीतला खेळाडू १९८० च्या दशकात कोलकात्यात खेळला आणि नंतर १९९४ च्या विश्वचषकासाठी नायजेरियाच्या संघात निवडला गेला. ज्या मैदानाला आपण शेवटचं स्टेशन समजतो, तिथून त्याची गाडी पुढे गेली.

तिसरा आक्षेप स्तुतीचा मुखवटा घालून येतो : "त्यांच्याकडे ताकद असते हो, डोकं आपलं." हे वाक्य मराठी माणसाने तरी बोलू नये. मलिक अंबर आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाचा, आजच्या इथिओपियातला, गुलाम म्हणून विकला गेलेला. निजामशाहीत त्याने तलवार गाजवली, पण त्याच्यामागे बोलबाला राहिला तो त्याच्या जमीनमहसुलाच्या घडीचा आणि त्याने वसवलेल्या खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, पाणी देणाऱ्या नहरीचा. चारशे वर्षांपूर्वी या मुलखाला जे कळलं होतं, ते आज सामन्याचं समालोचन करणाऱ्यांना कळू नये?

मधल्या फळीत तर नुसत्या ताकदीचा उपयोगच नसतो. बचावफळीच्या पुढे उभा असलेला मिडफिल्डर चेंडू येण्याआधीच मान वळवून मागे कोण आहे ते पाहून ठेवतो. कुठे धावायचं यापेक्षा कुठे धावायचं नाही, हे त्याला आधी कळावं लागतं. त्याचं उत्तम काम टीव्हीवर दिसत नाही, कारण त्याने वेळीच अडवलेला पास प्रतिस्पर्ध्याने दिलेलाच नसतो. ओडाफा-रँटीची गणितं सगळ्यांना पाठ आहेत, कारण गोल मोजता येतात. अशा माणसाचा हिशेब कोण ठेवणार?

म्हणून मी साक्षीला बोलावतो खासा कामारा याला. पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाचा हा आंतरराष्ट्रीय मिडफिल्डर ग्रीसमधल्या झांथी क्लबकडून खेळून २०२० मध्ये आयएसएलमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला. करोनामुळे २०२०-२१ चा अख्खा मोसम गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर, प्रेक्षकांविना झाला. त्याच्या शेजारी मधल्या फळीत खेळत होता आपुइया, म्हणजे लालेंगमाविया, मिझोरामचा, जेमतेम वीस वर्षांचा. गृहस्थांच्या हिशेबाने कामाराने कुणा भारतीय पोराची जागा खाल्ली. प्रत्यक्षात त्याच मोसमात आपुइया नॉर्थईस्टचा कर्णधार झाला, लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला, आणि पुढच्याच मोसमासाठी त्याला उचललं कोणी? आमच्या मुंबई सिटीने. अंधेरीत ज्याच्या पासवर आपण टाळ्या पिटल्या, त्या आपुइयाची उमेदवारी कामाराच्या खांद्याला खांदा लावून झाली होती. सगळं श्रेय कामाराचं नाही, पोरगा मुळातच गुणी. पण पोहायला शिकणाऱ्याच्या बाजूला एक तरबेज पोहणारा असला की त्याने पाणी अडवलं असं कुणी म्हणत नाही.

नॉर्थईस्टची सूत्रं त्या मोसमाच्या मध्यावर, जानेवारी २०२१ मध्ये, खालिद जमील यांच्याकडे आली आणि त्यांनी तो संघ उपांत्य फेरीत नेला. खालिद मुंबईच्या फुटबॉलमधले, खेळाडू म्हणून महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियातून खेळलेले. आणि इथेच जागेचा खरा पंचनामा सुरू होतो.

कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर महिंद्राचा कारखाना आहे. याच कंपनीचा संघ १९६२ पासून मुंबईत खेळत होता. डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. घानाचा युसुफ याकुबू याच क्लबाकडून खेळला आणि मुंबईची स्टीवन डायससारखी पोरंही याच क्लबाकडून खेळली. २०१० मध्ये क्लब बंद झाला. लहान मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचं, असं कारण दिलं गेलं. हेतू वाईट म्हणवत नाही, पण शाळेतलं पोर खेळून मोठं झालं की त्याने जायचं कुठे? २००७ मध्ये आलेला मुंबई एफसी काही वर्षं ती उणीव भरून काढत राहिला, तोही थांबला. आता त्रैराशिक मांडा. परदेशी खेळाडू अकरातल्या चार जागा घेतात. बंद पडलेला क्लब अकराच्या अकरा घेतो, राखीव बाक घेतो, प्रशिक्षकाची खुर्चीही घेतो. जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी आयएसएलचा मोसमच स्थगित ठेवल्याचं कळवलं, तेव्हा कोणत्या नायजेरियनाने कुणाची जागा खाल्ली होती?

आणखी खाली उतरू, आमच्या गल्लीपर्यंत. कांदिवलीत क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, सचिन तेंडुलकर यांच्या नावाचा जिमखाना आहे. पण चारकोप-पोयसरच्या पोराला संध्याकाळी चेंडू घेऊन खाली उतरायचं असेल तर एक तर सोसायटीची पाटी आडवी येते, "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे", नाही तर तासावर भाडं घेणारं जाळीबंद टर्फ. मधल्या फळीतला खेळाडू मोकळ्या मैदानात घडतो. अंतराचा अंदाज, लांब पास, वळून पाहण्याची सवय या गोष्टी पाच-पाच जणांच्या पिंजऱ्यात येत नाहीत. आमच्या उपनगरात जागा खाणाऱ्यांची नावं गल्लीत कुणालाही विचारा. त्यातलं एकही पश्चिम आफ्रिकेतलं निघणार नाही.

पण राग काढायचा असतो तेव्हा आपण बिल्डरला शोधत नाही, समोर दिसणाऱ्या रंगावर काढतो. मार्च २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अरीकोडजवळ सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलच्या, सामन्यात प्रेक्षकांनी पाठलाग करून मारलं आणि वर्णावरून शिवीगाळ केली, अशी तक्रार आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूने पोलिसांकडे केली. चौथ्या सीटवरचं वाक्य आणि ती मारहाण एक नव्हे, पण रूळ एकच आहेत.

मग माझं म्हणणं काय? परदेशी खेळाडूंवर मर्यादा असावी, चारची असावी, मला मान्य. पण आणायचाच तर निदान एक मधल्या फळीत आणा, त्याच्याशी एका मोसमाचा नव्हे, दोन-तीन मोसमांचा करार करा आणि त्याच्या शेजारची जागा विशीच्या आतल्या भारतीय पोरासाठी राखून ठेवा. गोल विकत घेता येतो आणि मोसम संपला की तो खर्ची पडतो. मधल्या फळीतली समज शेजाऱ्याकडे राहते, माणूस परत गेला तरी.

त्या रात्री मालाडला एक पोरगा दाराकडे सरकला, खांद्याला बूट लटकवलेले, गुडघ्यांना माती. आमच्या गृहस्थांनी त्याला पाहिलं, जरा सरकले आणि म्हणाले, "ये, बस. कुठे खेळतोस?" पोरगा बसला नाही. म्हणाला, "काका, कांदिवलीला उतरायचंय. खेळायला चर्चगेटला जातो, इथे ग्राउंड कुठाय?"