कोणत्या सालचा पाऊस?

दुष्काळी जिल्ह्यात बसून गटारांवर लिहिणारा माणूस वेडा ठरतो, हे मला ठाऊक आहे. धाराशिवकडे उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावणाऱ्या बायकांना पावसाचा निचरा कोण सांगणार? पण नेमके याच हशाच्या आड आमचे अभियंते लपतात. ‘इथे पाऊस तो किती!’ म्हणून वर्षाची सरासरी पुढे करतात. अहो, सरासरी कधी कोणाच्या घरात शिरली आहे काय? शिरतो तो अर्ध्या तासाचा पाऊस! गल्लीतले पाणी नाल्याशी पोहोचायला जेवढी मिनिटे लागतात, तेवढ्या मिनिटांतला त्याचा जोर कळला पाहिजे. आणि सकाळी दिवसाची एकच बेरीज टिपणारा पर्जन्यमापक तो कसा सांगणार?

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, कुलाब्याला अवघा 73. जुन्या मुंबईची गटारे तर ताशी 25 मिलिमीटरच्या हिशोबाची! एका शहरात ही तफावत, आणि आम्ही एका मापकावर सारा परिसर तोलतो.

केंद्र सरकारच्या 1993 च्या मार्गदर्शिकेत तर न्याय पाहा: शहराच्या कडेच्या वस्तीत वर्षातून दोनदा पाणी तुंबले तरी चालेल, महागड्या बाजारपेठेत मात्र दोन वर्षांतून एकदाच. कोणाची चूल किती वेळा विझावी, हे जमिनीच्या भावाने ठरवले! 2019 साली नवी मार्गदर्शिका आली. पुरलेल्या नळ्या होत्या तशाच आहेत.

त्यातून हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के बाष्प अधिक मावते. म्हणजे पन्नास वर्षांच्या जुन्या नोंदींवरून काढलेला ‘महत्तम पाऊस’ हा गेलेल्या आभाळाचा पाऊस आहे. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा तालुक्यात माणसे हेलिकॉप्टरने उचलावी लागली. तो नदीनाल्यांचा पूर होता, गावातल्या गटाराचा नव्हे, हे मान्य. पण आभाळ तेच ना?

याच जिल्ह्यात नळदुर्गला आदिलशाहीत बोरी नदी अडवली, तेव्हा बांधणाऱ्याने पुराला नर आणि मादी अशा दोन वाटा ठेवल्या, आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल उभारला. त्याच्यापाशी कोणती मार्गदर्शिका होती?

मध्यंतरी एका नगरपालिकेच्या कचेरीत मी विचारले, “नव्या नाल्याला पाऊस कोणत्या सालापर्यंतचा धरला आहे?” साहेबांनी फाईल उलटसुलट चाळली. मग म्हणाले, “पाऊस नाही धरला. रस्त्याच्या कडेला जेवढी जागा उरली, तेवढा नाला धरला.”