डोंगराचे चित्र आणि साठ हजारांचा प्रश्न

आपल्या अंकात सॉफ्टवेअरच्या खरेदीवर लेख कशासाठी, असे काही मैत्रिणींना वाटेल. हुंडा, पोटगी, घरातली हिंसा, रेशन, रोजगार हमी हे आपले विषय. संगणकावर डोंगर, झाडे, आभाळ यांची हुबेहूब चित्रे तयार करणारे सॉफ्टवेअर हा वास्तुविशारदांचा किंवा सिनेमावाल्यांचा विषय. पण गेल्या काही वर्षांत गावोगावी एक गोष्ट ठळकपणे दिसू लागली आहे. जमिनीचे काय करायचे याचा निर्णय आता कागदावरच्या मजकुरापेक्षा चित्रावर होतो. ठराव वाचून दाखवला तर लोक कंटाळतात. रंगीत फ्लेक्स टांगला की सगळे पाहतात. आणि ज्याच्या हातात चित्र, त्याचे म्हणणे आधी ऐकले जाते.

आमची संघटना ज्या तालुक्यात काम करते तिथल्या एका गावाच्या गायरानावर आणि लगतच्या टेकडीवर पर्यटन प्रकल्प येऊ घातला. प्रकल्पवाल्यांनी ग्रामपंचायतीत भले मोठे चित्र लावले. हिरवळ, तळे, रंगीत छत्र्या, फिरणारी जोडपी. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे, ती सभा आम्ही आग्रह धरून घेतली. चित्र बघून एक मावशी म्हणाल्या, "दिसतंय छान. पण यात आपण जायचं कुठून?" त्या चित्रात बायकांची पायवाट नव्हती. जळण वेचायची जागा नव्हती, शेळ्या बसतात ती सावली नव्हती, उन्हाळ्यात एप्रिलपर्यंत पाणी देणारा झरा नव्हता. चित्र खोटे होते असे म्हणता येणार नाही. काय दाखवायचे आणि काय गाळायचे हे ज्याने ठरवले, तो त्या वाटेने कधी चालला नव्हता, एवढेच.

तेव्हा ठरले की आपणही आपले चित्र काढायचे. एका निधीतून 'संगणक व सॉफ्टवेअर' या मथळ्याखाली ६०,००० रुपये हाती होते. आणि मग कार्यकारिणीत वाद सुरू झाला: कोणती आवृत्ती घ्यायची? विक्रेत्याने तीन दर कळवले होते. एक शिकाऊ, एक मधली, एक व्यावसायिक. तरुण कार्यकर्त्या म्हणाल्या, घ्यायचे तर सगळ्यात वरचे घ्या, समोरच्यांच्या तोडीस तोड. ज्येष्ठ ताई म्हणाल्या, या पैशात दहा शिबिरे होतील. दोन्ही बाजूंत तथ्य होते. या वादातून माझे जे मत बनले ते इथे मांडते, कारण हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक संघटनेपुढे येणार आहे.

आधी हे सॉफ्टवेअर करते काय ते समजून घेऊ. त्याला जमिनीच्या उंचीची आकडेवारी द्यावी लागते. ही आकडेवारी आज फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवसांत पृथ्वीचा बहुतेक भूभाग रडारने मोजला, ती माहिती सर्वांना खुली आहे. आपल्या इस्रोने २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाची उंचीची माहितीही 'भुवन' या संकेतस्थळावर मिळते. या आकड्यांवरून सॉफ्टवेअर डोंगराचा आकार उभा करते, त्यावर माती, गवत, झाडे पसरते, सूर्य कुठे आहे ते ठरवून सावल्या पाडते. मात्र या फुकट माहितीत साधारण तीस मीटरच्या चौकोनाला एक उंची असते. तीस मीटरच्या चौकोनात विहीर मावते, पाणवठा मावतो, बायकांचा आडोसा मावतो, पायवाट तर दिसतच नाही. म्हणजे सॉफ्टवेअर कितीही महाग घेतले तरी आपल्याला जे दाखवायचे आहे ते त्यात आपोआप येणार नाही. ते चालत जाऊन, विचारून, मोजून आपणच घालायचे आहे. पैशाचा विचार करताना ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात घ्यावी.

आता आवृत्त्यांकडे वळू. स्वस्त आणि महाग आवृत्तीत डोंगर वेगळा नसतो. फरक असतो तो बहुधा चार गोष्टींत: चित्र किती मोठे काढता येते, हलते चित्र करता येते का, किती संगणकांवर वापरता येते, आणि व्यवसायासाठी वापरायला परवानगी आहे का. 'टेराजेन' या सॉफ्टवेअरचेच उदाहरण घ्या. त्याची बिगर-व्यावसायिक वापरासाठीची फुकट आवृत्ती चित्राच्या आकारावर मर्यादा घालते; वरच्या आवृत्त्या विकत घ्याव्या लागतात. तेव्हा आपल्याला किती मोठे चित्र हवे याचा हिशेब आधी करावा. ए-थ्री कागदावर, हातात धरून बघण्याइतके स्वच्छ चित्र हवे असेल तर इंचाला दीडशे ठिपके पुरतात, म्हणजे साधारण २,५०० गुणिले १,७५० ठिपके. सहा फूट रुंदीचा फ्लेक्स लोक लांबून पाहतात. त्याला इंचाला चाळीस ठिपके धरले तर रुंदीत २,८८० ठिपके होतात. सिनेमाला लागते ती क्षमता आपल्याला लागत नाही. ग्रामसभेत हलते चित्रही सहसा लागत नाही, कारण तिथे वीज असेलच असे नाही.

'बिगर-व्यावसायिक' या शब्दाबद्दल सावध राहावे. आपण नफा कमवत नाही म्हणून आपला वापर बिगर-व्यावसायिकच ठरतो, असे गृहीत धरू नये. निधी घेऊन चाललेल्या प्रकल्पाबाबत प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असू शकतात. विक्रेत्याला लेखी विचारावे आणि लेखी उत्तर फाइलला लावावे. आणि पेनड्राइव्हवरून मिळणारी चोरटी प्रत घेऊ नये. कॉपीराइट कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि ज्यांच्याशी आपण भांडतो ते असल्याच गोष्टी शोधत असतात.

त्याहून मोठा प्रश्न भाड्याचा आहे. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की आपले होते. आता बऱ्याच कंपन्या ते वर्षाच्या भाड्याने देतात. 'व्ह्यू' हे निसर्गचित्रांसाठी नावाजलेले सॉफ्टवेअर २०२० मध्ये भाड्यावर गेले आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बंदच केले. जाता जाता शेवटची आवृत्ती सर्वांना फुकट दिली हे चांगले झाले, पण त्यात पुढे सुधारणा होणार नाही. आपले निधी वर्ष-दीड वर्षाचे असतात, आंदोलने मात्र दहा-दहा वर्षे चालतात. निधी संपला, भाडे थकले, की आपण काढलेली चित्रे आपल्यालाच उघडता येणार नाहीत. हे नवे नाही. आपल्यापैकी अनेक नियतकालिकांचे जुने अंक त्या काळच्या खाजगी फाँटमध्ये जुळवलेले आहेत. युनिकोड आल्यावर तो मजकूर उघडला की भलतीच अक्षरे दिसतात. बायकांनी रात्र-रात्र जागून लिहिलेले लेख पुन्हा टाइप करावे लागले. दुसऱ्याच्या कुलपात ठेवलेली वस्तू आपली नसते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

फुकट म्हणून मिळते ते सगळे सारखे नसते. 'ट्विनमोशन' २०२४ पासून वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना विनामूल्य झाले. आपली कुठलीच संघटना त्या मर्यादेच्या जवळपास नाही. पण त्याला चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक लागतो, आणि ही मेहरबानी कंपनीची आहे. मनात आले तर ती अट बदलू शकते. याउलट 'ब्लेंडर' आणि 'क्यूजीआयएस' ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ब्लेंडरची गोष्ट तर आपल्या मैत्रिणींना आवडेल. ते बनवणारी नेदरलँड्समधली कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून ते सोडवून घेतले आणि सर्वांसाठी खुले केले. क्यूजीआयएस नकाशासाठी आहे. २०१८ पासून त्यात जमिनीचा चढउतारही उभा करून पाहता येतो. दोन्ही शिकायला वेळ लागतो आणि शिकवणाऱ्या चित्रफिती बहुतेक इंग्रजीत आहेत. ही अडचण खरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही.

म्हणूनच माझे म्हणणे असे की पहिल्या वर्षी परवान्यावर एक रुपयाही खर्च करू नये. आमचा ६०,००० रुपयांचा हिशेब मी असा मांडला: जुन्या संगणकात मेमरी आणि वापरलेले ग्राफिक्स कार्ड यांसाठी २४,०००, दोन कार्यकर्त्यांना तीन महिने शिकण्यासाठी दरमहा ४,००० प्रमाणे मानधन २४,०००, छपाई आणि गावातल्या फेऱ्यांसाठी १२,०००. निधी देणारे मानधनाला सहज मान्यता देत नाहीत. यंत्र घेतले तर त्यांना पावती दिसते, बाई शिकली तर दिसत नाही. तरीही लेखी मागणी करावी, कारण खरा अडसर इथेच आहे. आपल्या संस्थांत टायपिंग मुलींकडे आणि सॉफ्टवेअर कुणाच्या तरी भाच्याकडे, अशी वाटणी होऊन बसली आहे. सगळ्यात महागडी आवृत्ती घेतली आणि ती चालवायला शहरातला मुलगा आठवड्यातून एकदा येणार असेल, तर चित्रावरचा ताबा पुन्हा आपल्या हातातून गेलाच. आणि शिकण्यासाठी वेळ लागतो. स्वयंपाक, पाणी, मुले सांभाळून रात्री दहानंतर शिकायचे, असे आपण कुणा पुरुष कार्यकर्त्याला सांगत नाही.

यावर आमच्या तरुण मैत्रिणींचा आक्षेप रास्त आहे. त्या म्हणतात, सभा तीन महिने थांबत नाही. ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते तिथे २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते, म्हणजे हातात महिनाच असतो. अशा वेळी मी हट्ट धरणार नाही. जी कंपनी महिन्याचा परवाना देते तिच्याकडून मधली आवृत्ती एका महिन्यापुरती घ्यावी, सगळी चित्रे साध्या, कुठेही उघडणाऱ्या स्वरूपात साठवावीत आणि परवाना बंद करावा. पण ही तातडीची सोय आहे. संघटनेचे धोरण तिच्यावर उभे करू नये.

दुसरा आक्षेप असा की समोरच्यांचे चित्र चकचकीत आणि आपले साधे, तर लोक आपल्याला कमी लेखतील. मला उलट वाटते. फोटोसारखे चित्र पाहिले की माणसाला वाटते, सगळे ठरूनच गेले आहे, आता काय बोलायचे. साध्या चित्रावर बायका बोट ठेवतात आणि म्हणतात, हे इथे नाही, तिकडे आहे. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात असे लक्षात आले की नवव्या वर्षानंतर मुली बागांमध्ये येईनाशा होतात. तेव्हा तिथल्या पालिकेने आधी बागांत कोण कुठे बसते, काय खेळते हे पाहिले, मुलींना विचारले आणि मग दोन बागांचे आराखडे बदलले. निरीक्षण आधी आणि आराखडा नंतर, हा क्रम आपल्यालाही परवडणारा आहे. आपल्याकडे बायका अंगणात रांगोळी, बिया, खडे मांडून गावाचा नकाशा काढतात, ती पद्धत आपल्याला माहीत आहेच. संगणकाचे काम त्यानंतरचे. अंगणातल्या नकाशावर जे आले तेच संगणकात जावे.

आणि चित्र काढताना काही शिस्त पाळावी. कॅमेरा आकाशात ठेवू नये. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईच्या नजरेच्या उंचीवर ठेवावा. एकच चित्र मार्च-एप्रिलचेही काढावे, नुसते श्रावणातले नको. जिथे झाडे नाहीत तिथे झाडे लावू नयेत, नाहीतर त्यांच्यात आणि आपल्यात फरक उरणार नाही. चित्राखाली तारीख, उंचीची माहिती कुठून घेतली ते आणि कोणत्या बायकांच्या सभेत ते तपासले ते लिहावे.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण ठरावावर सही करणाऱ्या सरपंचताईंसमोर चित्र मात्र एकाच बाजूचे असते. ही उणीव आपल्याला भरून काढता येईल. त्यासाठी वरची आवृत्ती लागत नाही. लागतात त्या शिकलेल्या दोघीजणी, एक बरा संगणक आणि गावातल्या बायकांचे पाठबळ. आपल्या संघटनेने याबाबत काय ठरवले, किती खर्च आला, कुठे अडले, हे पुढच्या अंकासाठी जरूर कळवा. प्रत्येक गटाने तीच चौकशी नव्याने करावी आणि तेच पैसे पुन्हा घालवावेत, एवढे आपण श्रीमंत नाही.