वडापावातल्या पावाचं काय?

वडापावाची गोष्ट निघाली की ती दादर स्थानकाबाहेर सुरू होते. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी तिथल्या गाडीवर बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. परळ-लालबागच्या गिरण्यांकडे निघालेल्या कामगाराला ताट-वाटी, टेबल-खुर्ची काहीच नको होतं. चालता चालता खाता येईल, पोटाला आधार होईल आणि खिशाला परवडेल, एवढंच हवं होतं. पुढे १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, बऱ्याच गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत, आणि घर चालवायला अनेकांनी वड्याची गाडी टाकली. मराठी तरुणांनी या धंद्यात उतरावं म्हणून शिवसेनेनेही जोर लावला होता.

या सगळ्या कौतुकात मान मिळतो तो वड्याला. दादरला कीर्ती कॉलेजजवळचा चुरा, ठाण्याची बेसनाची पिवळी चटणी, कर्जत स्थानकावरचा वडा. यातलं सरस कोणतं, यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. पाव कुठल्या भट्टीतला, हे मात्र कुणी विचारत नाही.

खरं तर निम्मी करामत पावाची आहे. गाडीवर जरा थांबून पाहावं. कढईतून काढलेला वडा झाऱ्यावर निथळतोय तोवर गाडीवाला लादीतून एक पाव सुटा करतो, सुरीने चिरतो, पण एक कड जोडलेलीच ठेवतो. आत ओली हिरवी चटणी, वर लसणाची सुकी लाल, मग वडा, आणि तळहाताचा एक हलका दाब. आत लसूण, मिरची, आल्याचा ठसका. बाहेर जवळजवळ बेचव, मऊ पाव. तो तेल टिपतो, चटणी शोषतो, तिखटाची धार बोथट करतो आणि हात पोळू देत नाही. पाव शिळा निघाला, तर घाणा कितीही ताजा असला तरी घास घशाखाली उतरत नाही. चीज आणि शेजवान चटणी थापून वडापाव ‘सुधारणाऱ्यांना’ हे कधी उमगणार, कोण जाणे.

पाव इकडे आणला पोर्तुगीजांनी. गोव्यात पोदेरांनी, म्हणजे तिथल्या पाववाल्यांनी, ताडा-माडाच्या सुरेने पीठ आंबवून तो रुजवला. मुंबईत ते काम गल्लीबोळातल्या बेकऱ्या करतात. तिथे रात्रभर मैदा मळला जातो, भट्टी धगधगत असते आणि पहाटे सायकलींवरून लाद्या निघतात.

ही भट्टी आता अडचणीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरील सुनावणीत लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. आदेश रास्तच आहे. अनेक भट्ट्यांत जुन्या फर्निचरचं, इमारतींच्या पाडकामाचं लाकूड जळतं, कारण ते स्वस्त पडतं. त्याचा रंग आणि रसायनं धुरातून शेजारच्या चाळीत शिरतात आणि भट्टीपुढे उभ्या कारागिराच्या छातीत आधी जातात. चवीच्या नावाखाली या धुराची भलामण करू नये. लाकडावर भाजलेल्या पावाची खुमारी वेगळी असेलही, पण मऊ लादीपाव गॅसवर किंवा विजेवरही उत्तम होतो.

प्रश्न खर्चाचा आहे. जुनी भट्टी मोडून नवी बसवायची, तर पैसे लागतात, जागा लागते, पाइप गॅसची जोडणी लागते. भाड्याच्या गाळ्यात मालकाची परवानगीही लागते. मोठ्या ब्रेड कंपन्यांना यातलं काही जड नाही. तगणार नाही ती गल्लीतली बेकरी. ती बंद पडली की पाव लांबून येणार, महाग येणार, आणि दोन रुपये वाढवले तर नेहमीचं गिऱ्हाईक तोंड फिरवेल या धास्तीने गाडीवाला वडा लहान करणार. वडापाव हे श्रमिकांचं खाणं म्हणून व्यासपीठांवरून मिरवणाऱ्या सर्व पक्षांना हे दिसायला हवं.

तेव्हा महापालिकेने बेकरीवाल्याच्या हाती नुसती नोटीस ठेवू नये. तिच्यासोबत कमी व्याजाच्या कर्जाचा अर्ज आणि गॅसजोडणीची पक्की तारीखही द्यावी.