कायरोप्रॅक्टर ॲक्युपंक्चरही करतो? मग सुई टोचून घेण्याआधी हे तपासा

मान ‘कट्’ असा आवाज करत मोकळी करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांचे रील्स एव्हाना प्रत्येकाच्या फोनवर आले असतील. काही ठिकाणी त्याच टेबलावर ॲक्युपंक्चरही केलं जातं. पण मणक्याला हाताने झटका देणं आणि त्वचेच्या आत सुई घालणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक येतं म्हणून दुसरंही येत असेल, हे गृहीत धरता येत नाही.

अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. कॅलिफोर्नियात कायरोप्रॅक्टरला ॲक्युपंक्चर करायचं तर वेगळा परवाना लागतो. ऑस्ट्रेलियात प्रशिक्षण घेतलेला कायरोप्रॅक्टर सुया वापरू शकतो, पण जुलै २०१२ पासून ‘ॲक्युपंक्चरिस्ट’ ही उपाधी कायद्याने राखीव आहे.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालची परिषद व्यावसायिकांची नोंदणी करते. कायरोप्रॅक्टरांसाठी मात्र भारतात वेगळी वैधानिक परिषदच नाही. त्यामुळे परदेशातली पदवी भिंतीवर दिसली, तरी ॲक्युपंक्चरची नोंदणी वेगळी विचारायला हवी.

धोका नेमका कुठे?

लोक कायरोप्रॅक्टरकडे जातात ते मुख्यतः मान, खांदा आणि पाठीसाठी. नेमक्या याच भागात सुई जपून घालावी लागते, कारण खांद्याच्या वरच्या स्नायूखाली फुप्फुसाचं टोक असतं. बारीक अंगाच्या माणसात हे अंतर आणखी कमी. सुई खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा साचू शकते. असं क्वचितच होतं, पण त्रास कधी कधी काही तासांनी, रुग्ण घरी गेल्यावर सुरू होतो. छातीत दुखलं किंवा दम लागला तर ‘सुयांमुळे अंग दुखतंय’ म्हणून झोपून राहू नये, थेट रुग्णालय गाठावं.

दुसरा धोका संसर्गाचा. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एकाच ॲक्युपंक्चर केंद्रातल्या ३५ रुग्णांना हिपॅटायटिस बी झाला होता. आज निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया सहज मिळतात. त्यांचं पाकीट रुग्णासमोरच फोडायला हवं. ‘तुमच्याच सुया डबीत जपून ठेवल्यात’ असं कोणी कौतुकाने सांगितलं, तर सरळ उठावं. वापरलेली सुई भारतातल्या नियमांनुसार टोचणार नाही अशा पांढऱ्या, अर्धपारदर्शक डब्यातच जायला हवी.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, गरोदर आहात का, पेसमेकर बसवलाय का, हे सुई टोचण्याआधी विचारलं गेलं पाहिजे. सुयांना वीज जोडणार असतील, तर पेसमेकरचा प्रश्न कुठल्याही परिस्थितीत टाळता येत नाही.